शेठजींचा सत्संग

सकाळी दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आतच शेठजी म्हणायचे, "दमलो रे बाबा." आपण नमस्कार म्हणतो, तसं. जळगावात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती: त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं, माझा फोटो स्टुडिओ. मी विचारायचो, "शेठजी, कुलूप अजून हातात आहे, दमलात कशाने?" "कालचं बाकी आहे," ते म्हणायचे. थट्टा नव्हती ती. भाभीजी गेल्यापासून त्यांना झोपच नव्हती. रात्रभर छताकडे बघायचे, दिवसभर पातेल्यांकडे.

एका पहाटे मोबाईलवर भजन लावून ते पडले होते. भजन संपलं आणि मोबाईलने आपल्या मनाने पुढचं काहीतरी सुरू केलं. टाळ्या, गर्दीचा गलका, कोणीतरी माईक ठोकून बघतंय. शेठजींना वाटलं सत्संग आहे, आता महाराज येतील. उठले, मांडी घातली, डोक्यावर टोपी चढवली, हात जोडले.

"आणि आलं काय, तर संबळ," ते मला सांगत होते. "मागून गिटार, मग सॅक्सोफोन, मग एक पोरगा कव्वालीसारखा सूर लावून बसला. मी हात सोडले नाहीत. म्हटलं, महाराजांना उशीर झाला असेल."

महाराज शेवटपर्यंत आले नाहीत. तो तरुण पोरांच्या एका बॅन्डचा, भर कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला अल्बम होता. त्या दिवसापासून दुकानात तोच. एकेक गाणं एवढं लांब, की गिऱ्हाईक भांडं पसंत करून, घासाघीस करून, रुसून जाऊन परत येईपर्यंत तेच चालू. पारोळ्याकडची एक म्हातारी वैतागली, "शेठ, हाई काय वाजी ऱ्हायनं? सरतच नही."

"अक्का, या पोरांना घरी जायची घाई नाही," शेठजी म्हणाले.

मी एकदा त्याच गाण्याचं स्टुडिओतलं छोटं रूप शोधून लावलं. चार मिनिटांत आटोपलं. मी वजनात काटा मारलाय अशा नजरेने शेठजींनी पाहिलं. "हे सॅम्पल झालं. माल दाखव."

मला तो आधी धिंगाणा वाटायचा. पण भिंत एकच, ऐकणं भाग होतं. हळूहळू कळायला लागलं, संबळवाला गिटारवाल्याच्या खोड्या कुठे काढतो आणि दोघं मिळून सॅक्सोफोनला कसे एकटं पाडतात. नवरा-नवरी कॅमेऱ्यासमोर अवघडून उभी, आणि मी ठेका धरून.

मग सुरतेहून त्यांच्या मुलाचा निरोप आला: दुकान पुरे, इकडे या. शेठजी भांडले नाहीत. भांडायलाही माणूस ताजा लागतो. एवढंच म्हणाले, "जायच्या आधी ही पोरं एकदा समोर बसून ऐकायची."

आणि बॅन्ड चक्क धुळ्याला आला, एका कॉलेजच्या मैदानावर. माझ्या गाडीने दुपारीच निघालो. शेठजी इस्त्रीच्या सदऱ्यात, मांडीवर खाऊचा, मठरीचा डबा, वाजवणाऱ्या पोरांसाठी. पहिल्या रांगेत बसलो. संबळाचा पहिला ठोका पडला. मी खुशीत वळून पाहिलं, तर शेठजींची मान छातीवर. तोंड उघडं टाकून, तान्ह्या मुलासारखे गाढ झोपले होते.

माझी पंचाईत झाली. या एका संध्याकाळसाठी ते जळगावात थांबले होते, आणि हीच झोप इतके दिवस हुलकावणी देत होती. खांद्यापर्यंत नेलेला हात मी मागे घेतला.

मैदान रिकामं झालं, पोरं वायरी गुंडाळायला लागली, तेव्हा ते जागे झाले. "सुरू कधी होणार?"

"संपलं, शेठजी."

ते उठून स्टेजपाशी गेले. डबा तेवढा पोरांच्या हातात दिला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आता तूच सांग, काय वाजवलं."

मग काय. स्टिअरिंगवर संबळ, नाकातून सॅक्सोफोन. पारोळा येईपर्यंत मी अख्खा बॅन्ड झालो. वाजलं ते वाजवलं, न वाजलेलंही वाजवलं.

"ही जागा अल्बममध्ये नाही," ते मध्येच म्हणाले.

"धुळ्याला वेगळंच वाजवलं त्यांनी," मी बेधडक सांगितलं.

आता ते सुरतेला असतात. दुपारी जेवणं झाली की फोन येतो, "जरा धुळ्याचं लाव." मी मागच्या खोलीत जातो आणि वाजवायला लागतो. दरवेळी निराळंच निघतं. थोड्या वेळाने पलीकडून घोरणं ऐकू येतं. घसा सुकलेला असतो, बोटं दुखत असतात, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. पण थांबता येत नाही. थांबलो की त्यांना जाग येते.