वयाचा रकाना

"ताई, ड्राफ्ट पाठवला आहे. तो तपासायला जंगलातल्या पोरांना पाहिलेला माणूस पाहिजे मले," तन्वीर फोनवर म्हणाला. ओपीडीत गर्दी होती. मी "बघते" म्हणून फोन ठेवला.

मी गडचिरोलीत, चामोर्शीकडच्या एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टर. तन्वीर राजुऱ्याचा, कॉलेजात मला ज्युनियर, माझ्या नोट्स वाचून पास झालेला. आता तो नागपुरात. अनेक देशांचे डॉक्टर मिळून मुलांच्या औषधांचा एकच तक्ता करत होते आणि त्या कमिटीत हा! इथे पोरं तपासण्यात माझी उमर गेली, मला कुणी विचारलं नाही. खरं सांगते, पोटात दुखलं.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. किलोमागे इतके मिलिग्रॅम. पण एका देशाच्या पुस्तकात एक आकडा, दुसऱ्याच्यात भलताच. म्हणून पुरावे तपासून सगळ्यांसाठी एक आकडा ठरवायचा. काम चांगलंच होतं, त्यामुळे जास्त झोंबलं.

प्रिंट काढून मी त्या तक्त्याचा ड्राफ्ट चुका शोधायलाच वाचला. शेवटी एक सापडली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वजन माहीत नसल्यास वयावरून.' आमच्याकडच्या कित्येक आया मूल काट्यावर ठेवूच देत नाहीत. नजर लागते म्हणतात. आणि वय धरावं, तर इथलं चार वर्षांचं पोर अंगाने दोनचं असतं.

मी तन्वीरला कळवलं, "छान झालंय." पडू दे परदेशातल्या मीटिंगमध्ये तोंडघशी, असं मनात होतं. प्रिंट टेबलावरच राहिली.

चौथ्या दिवशी झटके आलेला मुलगा आला. झटके थांबले होते. पुन्हा येऊ नयेत म्हणून इंजेक्शन द्यायचं होतं. सिस्टरच्या हातातली सिरिंज बघून मी थबकले.

"एवढं काऊन भरलं?"

"मॅडम, तुमच्या टेबलावरच्या नव्या तक्त्यात आहे. त्याची माय वजन करू देत नाई. चार वर्षांचा आहे म्हणते, म्हणून वयावरून काढलं."

हे औषध जास्त गेलं तर श्वास थांबू शकतो.

"ठेव ते खाली."

आई पोराला छातीशी धरून होती. "वजन नका करू बाई. तोललं का पोरगं वाळते."

"त्याचं नाई करत. तुमचं करते. घ्या त्याले कडेवर."

आधी दोघांचं वजन केलं, मग पोर सिस्टरकडे देऊन आईचं एकटीचं. वजाबाकी दहा किलो. तक्त्याने सोळा धरले होते. मी नव्याने औषध भरलं.

संध्याकाळी आई सांगत आली, "भात मागून राह्यला बाई."

मी तन्वीरला फोन लावून सगळं सांगितलं.

"ताई, तेव्हाच काऊन नाई सांगितलं?"

"जळत होते तुझ्यावर."

तो म्हणाला, "लिहून द्या. वजाबाकीसकट."

वयाचा रकाना गेला. त्या जागी आईसकट वजन करून तिचं वजा करायची रीत आली. परदेशातल्या मीटिंगमध्ये ती तन्वीरने समजावली, टाळ्या त्याला मिळाल्या. माझं नाव आभारात, बारीक अक्षरात. मीटिंगमधला त्याचा फोटो बघून मी पुन्हा जळले.

जळण्याचा एक फायदा आहे. दुसऱ्याची चूक चटकन दिसते. पण दिसली की त्याच दिवशी सांगावी. नाहीतर ती भलत्याच आईच्या पोराच्या अंगात जाते.