मेलकावेरीची मोकळी जागा

तिरुनागेश्वरमच्या रस्त्यावर माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, पितळी समयांचा कारखाना आहे. हिशेब मी पाहते. बँकेने कर्ज वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा अण्णाने चेन्नईच्या एका खासगी फंडाकडून पैसे घेतले. व्याजाचा दर बदलता होता. दर चढत गेले तसा आमचा हप्ताही चढला, आणि मोठ्या दुकानांकडून येणं लांबत गेलं.

फंडाचा अधिकारी अधूनमधून घरी यायचा. तमिळमध्ये हळू, मऊ बोलायचा. एकदा म्हणाला, सध्या व्याज भरू नका, मुदलात मिळवून टाकू. अण्णा खूश झाला. मला ते खटकलं. पैसे मागायला आलेला माणूस पैसे नको म्हणतो, तेव्हा त्याची नजर कशावर आहे?

त्याच्यासमोरच आम्ही मराठीत बोललो. आम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले मराठी; आपसातलं काही असलं की मराठीत, ही आमची जुनीच सवय. मी म्हटलं, आईच्या नावची मेलकावेरी भागातली मोकळी जागा विकून हे फेडून टाकू. अण्णा म्हणाला, त्या जागेचं कुणाला कळू देऊ नको.

थोड्याच दिवसांत फंडाचा निरोप आला. मुदत वाढवून हवी असेल तर मेलकावेरीची जागा तारण द्या.

त्या जागेबद्दल आम्ही त्यांना कधीच काही कळवलं नव्हतं. अण्णाला माझ्या नवऱ्याचा संशय आला. मला वहिनीचा, कारण तिचा भाऊ जमिनींची दलाली करतो. मी तसं तोंडावर बोलले आणि वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलं.

अधिकारी पुन्हा आला त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून अण्णाला मराठीत म्हणाली, "त्यांना कॉफीत साखर घालू का, विचारा."

अण्णा विचारायच्या आधीच तो तमिळमध्ये म्हणाला, साखर नको.

मी मराठीतच विचारलं, "सर, मराठी कुठे शिकलात?"

त्याने हातातला फोन खाली ठेवला. "पुण्यात नोकरीला होतो. तुमची मराठी जुन्या वळणाची आहे, पण कळते."

"आधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही."

मग त्याने सांगितलं की फंडात ज्यांनी पैसे घातले तेच आता परत मागताहेत. त्यालाही वर काहीतरी दाखवावं लागतं. खरं असेलही. मी एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही.

जागा आम्ही विकली. गिऱ्हाईक वहिनीच्याच भावाने आणलं, दलाली न घेता. फंडाचं सगळं कर्ज फिटलं. अण्णा आता आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मोठ्या दुकानांना माल देत नाही, आणि कारखाना पूर्वीपेक्षा लहान झाला आहे.

मी वहिनीची माफी मागितली. जाऊ दे म्हणाली. पण भावाचा फोन आला की ती अजूनही उठून परसात जाते, आणि मी घरात असले तर मागून दार ओढून घेते.