संध्याकाळचा ताप

खिडकी सर वर्गात आले की हजेरीच्या आधी खिडक्या उघडत. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत सकाळच्या पहिल्या तासाला आम्ही स्वेटरमध्ये हात खुपसून बसलेलो असायचो आणि सर शांतपणे एकेक कडी काढत पुढे सरकायचे. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "थंडीने माणूस मरत नाही, कोंडल्याने मरतो." त्यांचं खरं नाव वेळापत्रकावर होतं, पण ते कोणी वापरत नसे.

सर इंग्रजी शिकवायचे, आणि आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायचे. "सायखेडा, वाचा." "कळवण, झोप झाली का?" मी घोटी. खरं तर माझं गाव घोटीच्याही पुढे आहे, तिथून जीप धरावी लागते. तसं मी एकदा चाचरत सांगितलं. सर म्हणाले, "तुमचं गाव नकाशात सापडेपर्यंत घोटीच चालवू." आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. इंग्रजीच्या तासाला मी मागचा बाक धरायचे. पण गावाच्या नावाने हाक आली की थोडा धीर यायचा. चुकलं तर एकटी मी नाही, अख्खी घोटी चुकली असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आम्हाला आपल्या दिवसाबद्दल इंग्रजीत बोलायला सांगितलं. मी पाठ करून गेले होते. माझा दिवस फार हेक्टिक असतो, असं म्हणाले. हा शब्द मी हॉस्टेलच्या मुलींकडून उचलला होता. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"घोटी, तुम्हाला रोज संध्याकाळी ताप येतो का?"

वर्ग हसला. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग बरं आहे," सर म्हणाले. "कारण हा शब्द मूळचा तापाचा. ग्रीकांकडे त्याचा अर्थ होता सवयीचा, अंगात मुरलेला. पुढे इंग्रजीत क्षयाच्या रोग्याच्या तापाला हेच नाव पडलं. त्याच्या गालावरच्या लालीलाही. मग कुठल्याही धगधगत्या, बेभान गोष्टीला. आणि आता ज्याला जेवायला वेळ नाही तोही हेक्टिक. दवाखान्यातून डिस्चार्ज घेऊन शब्द ऑफिसात नोकरीला लागला."

त्या दिवशी पहिल्यांदा सर स्वतःबद्दल बोलले. त्यांचे वडील देवळालीच्या बाजूला एका क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये स्वयंपाकी होते. रोगी लांबलचक व्हरांड्यात खाटांवर पडलेले असत आणि लहानगे सर कठड्याच्या अलीकडे, खाली गवतात उभे राहत. रोग्यांना करमत नसे. ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत, स्पेलिंग विचारत. "माझं पहिलं इंग्रजी खोकणाऱ्या माणसांनी शिकवलेलं आहे," सर म्हणाले. "तो ताप मी पाहिलाय. सकाळी माणूस ठीक. दुपार कलली की अंग तापतं, गाल लाल होतात, डोळे चमकतात. बघणाऱ्याला वाटतं, तब्येत सुधारली. रात्री घामाने उशी भिजते."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. भाताची लावणी झाल्यापासून माझी आई संध्याकाळी भिंतीला टेकून बसायची. "काय नाय, कसर हाय अंगात," म्हणायची. शेजारची काकू तर म्हणाली होती, तुझ्या आईचा रंग उजळलाय.

तास संपल्यावर मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रविवारची वाट पाहू नका, उद्याच दवाखान्यात न्या."

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. टीबीच निघाला. गोळ्या फुकट होत्या आणि सहा महिने घ्यायच्या होत्या. घरी मात्र त्या शब्दाला बंदी होती. ताईसाठी स्थळं येत होती. बाबा म्हणाले, "कुनी इचारलं तर निमोनिया सांगायचं." आईने आपला कप आणि ताट आपणच वेगळं काढलं. दोन महिन्यांत तिचा ताप गेला, अंगावर थोडं मांस आलं, आणि तेवढ्यात ताईला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. आईने गोळ्या घेऊन येणाऱ्या गावच्या आशा सेविकेला दारात यायला मनाई केली आणि गोळ्या बंद केल्या. मध्येच सोडल्या तर आजार जास्त जोराने उलटतो, हे मी तिला परोपरीने सांगितलं. ती म्हणायची, "बरी हाय ना मी आता? लेकीचं मोडू का मंग?"

मी पुन्हा सरांकडे गेले. पुढच्या सुट्टीला ते एसटीने घोटीला आले आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीने बसून आमच्या ओट्यावर.

आईने त्यांना चहा दिला, स्वतःचा कप घेऊन लांब बसली. सर म्हणाले, "बाई, एवढ्या लांब का? घोटीने सांगितलंय मला सगळं."

"कोन घोटी?"

"तुमची मुलगी."

आई पदर तोंडाला लावून हसली. मग सरांनी तिलाही त्या शब्दाची गोष्ट सांगितली. तुमच्या तापाचं जुनं इंग्रजी नाव शहरातली माणसं आता खूप काम असलं की सांगतात, असं म्हणाले.

"म्हंजे कुनी इचारलं तर मला लय काम हाय म्हनायचं?"

"म्हणा. पण गोळ्या घ्या."

आईने कप खाली ठेवला. मग सर म्हणाले, "आमच्या व्हरांड्यात एक बाई होत्या. मला स्पेलिंग शिकवायच्या. गोळ्या तेव्हा नुकत्या आल्या होत्या. ताप उतरला तशा त्या निघून गेल्या, घरी कार्य होतं. परत आणलं तेव्हा माझं नाव घेतानाही त्यांना धाप लागत होती. मी वडिलांच्या मागे लपलो."

"लेक होती का त्यांना?"

"होती. माझ्याच वयाची."

आई उठून आत गेली. तांदळाच्या डब्यामागून गोळ्यांचं पाकीट काढल्याचा आवाज मी ऐकला. सरांनी चहा संपवला आणि जीपची वेळ विचारली.

ताईला बघायला आले होते त्याच पाहुण्यांच्या घरात तिचं लग्न झालं. आईचा कोर्सही पूर्ण झाला. दवाखान्याने बरी झाल्याचं सांगितलं, पण सासरच्यांना आम्ही काही सांगितलं नाही.

यंदा दिवाळीनंतर सर गेले. कॉलेजात शोकसभा होती. आई म्हणाली, मीपण येते. ताईचे सासरे कामाला नाशकात येणारच होते, त्यांच्याच गाडीतून आलो, आणि तेही सभेत येऊन बसले. मुलं बोलली, प्राध्यापक बोलले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहिले, पण आवाज फुटेना. तेव्हा माझ्या शेजारी बसलेली आई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती कॉलेजात आली होती.

"मला टीबी झालता," ती म्हणाली. "सर आमच्या घरी आलते, म्हनून म्या गोळ्या पुऱ्या केल्या. आता नाय मला." एवढंच बोलून ती खाली बसली. ताईच्या सासऱ्यांकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळाने ते पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "विहीनबाई, आमच्या थोरल्या भावाला झालता. आम्ही समद्यांना दमा सांगायचो."