काकांचा एडविन

फोनवर काकू एवढंच म्हणाल्या, "अगं, हे गेले... सकाळी, चहा घेता घेता." मी मँचेस्टरच्या ट्राममध्ये उभी होते. पुढच्याच स्टॉपला उतरले आणि तिथल्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिले. त्याला आता पाच आठवडे झाले.

दिघेकाका इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले. मी पुण्याहून नोकरीसाठी आले, तेव्हा वर्षभर त्यांच्याकडे भाड्याने राहिले. आपल्या घरात पूर्वी कोण राहत होतं, या कुतूहलापोटी काकांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि त्यांना एडविन सापडला. गिरणी कामगाराचा मुलगा. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून आला. गव्हर्नर होणार, असं सगळे म्हणत होते. पण बायकांच्या मताधिकाराचा प्रश्न आला आणि त्याने पक्षाविरुद्ध जाऊन बायकांच्या बाजूने मत दिलं. पक्षाने तिकीट कापलं. उरलेलं आयुष्य एका आडगावी वकिली करण्यात गेलं.

"पण का केलं असेल गं त्याने?" काका भाजी चिरतानाही विचारत. त्याच्या भाषणांत उत्तर नव्हतं. अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांना ते वर्षानुवर्षं ईमेल पाठवत राहिले...

शेवटी एका लायब्ररीने एडविनने बहिणीला लिहिलेलं पत्र स्कॅन करून पाठवलं. काकांनी ते जेवणाच्या टेबलावर आम्हाला मराठीत करून सांगितलं. अमेरिकेच्या बोटीत बसण्याआधी आईला कुणी विचारलंच नव्हतं. अख्ख्या प्रवासात ती एक शब्द बोलली नाही. मत देताना तीच डोळ्यांसमोर होती, असं त्याने लिहिलं होतं.

काकांनी पत्र बाजूला ठेवलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "इथे यायचं ठरवलं, तेव्हा मी तुला विचारलं होतं?"

"तुम्ही तिकिटंच घेऊन आलात. माझी शाळेतली नोकरी नुकती पर्मनंट झाली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कुठे?"

काका पानावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी विचारलं, "आता कुठे राहायचंय तुला?"

"इथेच," काकू म्हणाल्या. "पण विचारलंत, बरं वाटलं."

गेल्या रविवारी गेले, तर काकू काकांच्या अभ्यासाच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीत, कागद पसरून बसल्या होत्या. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "एवढं सगळं लिहिलंय ह्यांनी. पण त्याची आई पुढे बोलली का गं कधी? काय म्हणाली?"

मी लॅपटॉप उघडायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तू शोधू नकोस. कसं शोधायचं, ते मला शिकव."