बाबांच्या पोटातलं तूप

बाबांचं पोट वाढत होतं आणि हातपाय वाळत होते. आईनं आमच्या पांढुर्ण्याकडच्या बायका करतात तेच केलं: तुपाचा डबा काढला. वरणात तूप, भाकरीवर तूप, दुधातही तूप. पोट आणखी फुगलं. संत्र्याच्या बगिच्यात बाबांच्या आधी त्यांचं पोट पोचायचं आणि लोक म्हणायचे, "चांगलं मानवलं तुम्हाले!"

नागपूरच्या डॉक्टरांनी सुईनं पोटातलं पाणी काढलं, तर ते दुधासारखं पांढरं. आई त्या बाटलीकडे बघतच राहिली.

"हे तं माह्यंच तूप होय का काय?"

डॉक्टर चक्क हो म्हणाले. जेवणातला स्निग्धांश आतड्यातून लसिकेच्या बारीक नळ्यांनी रक्ताकडे जातो. नळी कुठे तुंबली किंवा फुटली की तो रस पोटात झिरपतो. आई वाढत होती आणि ते साचत होतं.

"पण तुंबली काहून?" बाबांनी विचारलं.

कारणं बरीच होती. यकृत खराब असलं तर, पोटाला मार लागला किंवा ऑपरेशन झालं तर. कुणाच्या नळ्या जन्मापासूनच अधू असतात. यातलं बाबांना काही नव्हतं. पण पोटात गाठी सुजलेल्या दिसत होत्या, म्हणजे उरलं कॅन्सर नाहीतर टीबी. गाठीचा तुकडा तपासायला गेला. बाजारात वांगी निवडावीत तसे बाबा म्हणाले, "मंग टीबीच द्या." मी खूप हसले, आणि बाहेर येऊन रडले.

रिपोर्ट येईपर्यंत तूप बंद, तेल बंद. चालेल ते फक्त थोडं खोबरेल, कारण ते बरंचसं थेट रक्तात जातं. आमच्याकडे खोबरेल डोक्याला लावायचं! आईनं नाक मुरडत त्याची फोडणी दिली. घराला वेणीफणीचा वास सुटला. बाबा म्हणाले, "आता जिभेवर केस उगून राह्यले." आईला हसू आलं नाही. ती जामसांवलीच्या मारुतीला रोडग्यांचा नवस बोलून बसली होती.

टीबी निघाला! औषधं नेमानं घेतली की बरा होणारा टीबी. मला तर डॉक्टरांच्या टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. पांढुर्ण्याला उतरल्याबरोबर बाबा मिठाईच्या दुकानात शिरले. दुकानदारानं त्यांच्या पोटाकडे पाहत विचारलं, "काय, नातू झाला?"

"नाही राजेहो, टीबी झाला!"

त्याचा हात पेढ्यावरच थांबला. "पोटातला हाये, तुम्हाले नाही लागत," बाबांनी समजूत काढली. मी काउंटर धरून हसत होते. स्वतः एकही न खाता बाबांनी गल्लीभर पेढे वाटले.

औषधांनी पोट हळूहळू उतरलं. मग जामसांवलीला गोवऱ्यांवर कणकेचे जाड रोडगे भाजले; ते तुपात बुडवूनच खायचे. डॉक्टरांनी आता तुपाला परवानगी दिली होती, पण बाबांच्या पानाशी येऊन आईचा हात अडला.

बाबांनी तिचं मनगट धरलं. "वाढ वं. आता नाही साचत."

आई रडत रडत वाढत राहिली, आणि बाबा काही केल्या पुरे म्हणेनात.