जावा नको गं बाई!

प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कोणती शिकावी, या प्रश्नावरून आमच्या घरात दोन चुली झाल्या.

आम्ही रायपूरच्या पुरानी बस्तीत राहतो. घरात आम्ही दोघी जावा. थोरल्या सुमनताई आणि धाकटी मी. बावीस वर्षं एकाच गॅसवर स्वयंपाक! (भांडण? रोज. पण पोळी करपेल इतकं कधीच नाही.) मी शंकर नगरात एका ऑफिसात टायपिंग करते. साहेबांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी कोडिंग शिका. क्लासवाले भैया म्हणाले, "दीदी, जावा या पायथन? शाम तक बता दो."

मला दोन्हीतलं ओ की ठो कळेना. म्हणून ऑफिसातल्या, आधीच शिकलेल्या अलकाला फोन लावला. ती सांगेल ते लक्षात राहावं म्हणून मी मोठ्यानं घोकत होते.

"हव, हव... जावा लय किचकट! एवढंसं काम, अन् केवढी बडबड! नाही बाई, जावाची भानगडच नको मले!"

मागे वळले, तर दारात सुमनताई. हातात माझ्यासाठी आणलेला गरमागरम चिला, म्हणजे आपलं धिरडं. ताटली तशीच परत गेली.

पाचच मिनिटांत स्वयंपाकघरातून कुकर, तवा आणि मसाल्याचा डबा वरच्या मजल्यावर पोचले! आमचे हे धावत आले. "वहिनी वर वेगळा गॅस लावून राहिली! काय बोलली तू?"

मी धापा टाकत वर गेले, मागोमाग हेही. "ताई, ते तुमच्यासाठी नव्हतं! कॉम्प्युटरची जावा म्हनत होती मी!"

"म्हनजे आता कॉम्प्युटरवरही माही बदनामी?"

"अवो, भाषा हाये ते!"

"तुही भाषा ऐकली न म्या आत्ताच!"

तेवढ्यात आमची पोट्टी मदतीला आली. (तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.) "बड़ी मम्मी, गुस्सा मत करो ना. मम्मी जावा छोड़के पायथन ले रही है."

"पायथन म्हनजे?"

"अजगर!"

झालं! ताईंनी कपाळावर हात मारला. "पाहा वो भाऊजी! बावीस वर्षं हिच्यासंग रांधलं, अन् हिले जावेपेक्षा अजगर बरा वाटून राहिला!"

आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत ताई माझ्यावर ओरडल्या पुष्कळ, पण रडल्या नव्हत्या. मी तिथूनच भैयांना फोन लावला, स्पीकरवर.

"भैया, मले जावाच पाहिजे! पायथन फुकट दिलं तरी नको!"

"दीदी, शुरू में कठिन पड़ेगा."

"पडू द्या! कठीन असली तरी आपली हाये!"

ताईंनी पदरानं डोळे पुसले, कुकर उचलला आणि खाली आल्या.

आता साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्या सांगत फिरतात, "माही धाकटी माह्या नावाची भाषा शिकून राहिली!" आणि मी? महिना झाला, पडद्यावर साधं 'नमस्ते' उमटेना. वैताग तर असा येतो! पण या घरात जावाला नाव ठेवायची सोय राहिलेली नाही. म्हणून लॅपटॉपसमोर बसून मी रोज पायथनला शिव्या घालते. त्या बिचाऱ्याची अन् माझी अजून ओळखही नाही!