वहीतले अठरा दिवस

माझ्या धाकट्या जावेने मला कधी कशाचा जाब विचारला नाही. विचारला असता तर मी खोटं बोलले असते, इतकी मी मला ओळखते. जे केलं ते सांगायला मला दीड वर्ष लागलं.

आमचं घर मुरबाडच्या बाहेर, म्हसा गावाच्या रस्त्याला. धाकटीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिची पाळी वर्षातून तीनदा, फार तर चारदा यायची. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून हार्मोनची गडबड सांगितली. गोळ्या चालू असल्या की पाळी यायची, थांबल्या की पुन्हा चार-चार महिने काही नाही. वजन वाढलं. हनुवटीवर आलेले केस ती न्हाणीत आरसा नेऊन उपटायची. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

भातसानगरला राहणाऱ्या तिच्या मावशीने शहापूरच्या एका बाईंचं नाव काढलं. त्या चिनी पद्धतीने सुया टोचतात, मुळ्यांची पूड देतात.

सासूबाई म्हणाल्या, "चायनाचा मोबाईल दोन महिने चालत नाय. तितची सुई काय चालनार गो?"

पण त्यांनी अडवलं नाही. मुदत घातली. "जत्रेपर्यंत जा. जत्रेच्या आठवड्यात सगली पावनी येतील, तवा पूजा घालू. पोरासाठी तुमी जोडीनं बसा. तवर काय दिसलं तर दिसलं, नायतर सुया बंद." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकली नको जायाला. तू जा हिच्यासंगती."

म्हणून दर गुरुवारी आम्ही दोघी सरळगावला गाडी बदलून शहापूरला जायला लागलो.

पहिल्या दिवशी बाईंनी तिला जीभ दाखवायला सांगितली.

"चहा घेतलाय?"

"अर्धा कप."

"पुढच्या वेळी नको. चहाने जिभेचा रंग बदलतो आणि मी फसते."

मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून त्यांनी नाडी बघितली. सुया केसासारख्या बारीक. नडगीला, घोट्याच्या वर, बेंबीखाली. धाकटी हसली, म्हणाली, "ताई, आवणीत भात लावताना काटा रुततो तो यापेक्षा जास्त दुखतो." सुया लावून तिला अर्धा तास निजवायचं, आणि मी शेजारी स्टुलावर.

बाई स्पष्ट बोलायच्या. "मी मूल देते असं मी कुणाला सांगत नाही. शरीराचा ताल बसतो का ते बघू. डॉक्टरीणबाईंच्या तपासण्या सोडायच्या नाहीत. शक्यतो दुसरं काही घ्यायचं नाही. आणि काहीही पोटात गेलं, गोळी, काढा, झाडपाला, तर ते वहीत लिहायचं." वही त्यांनी माझ्या हातात दिली. "तुम्ही मोठ्या ना? तुम्ही लिहा."

वहीत रोजचा ताप लिहायचा. ताप म्हणजे अंगाची ऊब. धाकटी सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर जिभेखाली धरायची आणि मग चुलीपाशी येऊन माझ्या कानात आकडा सांगायची. "सत्त्याण्णव तीन." मी पाणी तापवून मुळ्यांची पूड कालवून द्यायची. सकाळ-संध्याकाळ. पूड माझ्या कपाटात असायची, शेजारणींची नजर नको म्हणून. ती कडू होती. धाकटी नाक दाबून प्यायची.

पाचव्या महिन्यात पाळी चौतीस दिवसांनी आली. पुढची एकतीस दिवसांनी. डॉक्टरीणबाईंनी कसल्या गोळ्या दिल्या नव्हत्या, आपली आपण आली. त्या गुरुवारी ती गाडीत उभी राहून बडबडत होती. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. घरी सासूबाईंनी तिच्या ताटात भाकरीवर आपल्या हाताने लोणी घातलं.

मी ते लोणी बघितलं. आता लपवून काय करू? मला दोन मुलं आहेत, तेवढ्यावर त्या घरात माझा शब्द चालत होता. तिला मूल व्हावं असं मला वाटत होतं, हे खरं. ते लोणी मला खुपलं, हेही खरं.

जत्रा जवळ आली. वहीतला आकडा मध्येच अर्ध्या अंशाने वर चढला आणि वरच राहिला. बाई म्हणाल्या होत्या, चढल्यापासून दिवस मोजा. चौदाच्या आसपास खाली आला तर पाळी, अठराच्या पुढे वर राहिला तर तपासणी करू. मी बोटांवर हिशेब केला. पाळी नेमकी पूजेच्या दिवसांत येत होती.

आमच्याकडे पाळी आलेली बाई पूजेला बसत नाही, स्वयंपाकघरात येत नाही. म्हणून गणपती असो, लग्न असो, आम्ही सगळ्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतो. मुरबाडच्या मेडिकलवाल्याला नाव सांगावं लागत नाही, बोट दाखवलं की पुरे. सासूबाई म्हणाल्या, "तिला दे गो गोल्या. गुरुजींना सांगून झालंय."

मी तिला म्हटलं. तिने हात मागे घेतला.

"नको ताई. मॅडमनी दुसरं काय घ्यायचं नाय सांगितलंय. आणि समजा या वेळी..." मग म्हणाली, "आली पाळी तर नाय बसनार पूजेला. पुढच्या महिन्यात घालू."

"आईंना कोण सांगणार?"

"मी सांगंन."

ती सांगणार होती. तिने सांगितलं असतं तर पूजा मोडली असती, पाहुण्यांचं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर आलं असतं, आणि सासूबाई म्हणाल्या असत्या, मोठीला एवढंही जमलं नाही. मी म्हटलं, "थांब, मी बघते आईंचं." सासूबाईंना मी सांगितलं की ती गोळ्या घेते आहे.

दहाव्या दिवशी सकाळी मी गोळी लाटण्याने चुरली आणि पुडीत कालवली. संध्याकाळी दुसरी. खरं तर दिवसाला तीन घ्यायच्या असतात. पण पूड दोनदाच असायची, म्हणून दोन. वहीत मी फक्त आकडा लिहिला.

आणि आकडा खाली येईना.

"ताई, चौदा." "ताई, पंधरा." पूजेच्या दिवशी पहाटे हिरव्या साडीत ती चुलीपाशी आली, ओठ नुसते हलवले : सोळा. गोळीनेही अंगाची ऊब चढलेली राहते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, खरंच राहिलं की काय. आणि राहिलं असेल, तर मी तिला काय पाजलं? त्याच सकाळी मी उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. ती पूजेला बसली. तिचा डावा हात सारखा पोटावर जात होता आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

अठराव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या आपन मुरबाडला तपासू. यांनाबी उद्याच सांगंन." दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीतून लवकर बाहेर आली नाही. मी दारापाशी गेले. आतून आवाज आला, "ताई, आकडा नका लिहू."

सासूबाई म्हणाल्या, "गेलं गो पोर. सुया बाधल्या." आमचं शेवटचं शहापूरला जाणं झालं. बाईंनी वही उघडली, बोट एकेका आकड्यावरून नेलं आणि वर बघितलं.

"अठरा दिवस वर, आणि मग एकदम इतकं रक्त गेलं. दुसरं काही घेतलं होतं?"

धाकटी म्हणाली, "नाय मॅडम."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर सुया बंद. धाकटीची पाळी पुन्हा चार-चार महिने येईनाशी झाली.

या वर्षी भात झोडून झाल्यावर शेजारची बाई विचारायला आली, तिच्या लेकीला शहापूरला न्यावं का. सासूबाई म्हणाल्या, "नको नेऊ. आमच्या सुनेचं पोर तितंच गेलं." धाकटी सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "माजंच अंग वाईट. सुयाबी सोसल्या नाय त्याला."

शेजारीण उठून गेली. मी उभ्या-उभ्याच बोलले. "सुयांनी काही झालं नाही. हिने नको म्हटलं होतं तरी मी पुडीतून त्या गोळ्या दिल्या. पाळी ढकलायच्या. सहा दिवस."

सूप थांबलं.

सासूबाईंनाच आधी तोंड फुटलं. "मंग? गोल्या आमी सगल्याच घेतो. त्याचं काय एवडं?"

"आई, तुमी थांबा," धाकटी म्हणाली. या घरात असं कुणी त्यांना बोललं नव्हतं. मग माझ्याकडे वळली. "अठरा मोजले मी. तुमाला रोज सांगत होते. रोज."

"हो."

"तुमी लिहीत होतात."

"हो."

तिने तांदळातला एक खडा शोधून बाजूला टाकला. "गुरुवारी चला. मॅडमसमोर बोलायचं."

मी बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. वही मी जपून ठेवली होती. त्यांनी ती घेऊन त्या सहा दिवसांखाली लाल रेघ मारली.

"माज्यात काय होतं का तवा?" धाकटीने विचारलं.

"ते आता कुणीच सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "गोळीनेही ऊब वर राहते. तेव्हा तपासलं असतं तर कळलं असतं. मला तेव्हा सांगितलं असतं, तर."

मी खाली बघत होते. धाकटीने चप्पल काढली, टेबलावर चढली आणि जीभ बाहेर काढली. त्या दिवशी तिने चहा घेतला नव्हता. शेजारचं स्टूल तिने पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसायला गेले तर म्हणाली, "बाहेर न्या ते, ताई."

आता गुरुवारी ती एकटी जाते. पूड स्वतः कालवते. वही तिच्या उशीखाली असते, आणि सकाळी ती चुलीपाशी येते तेव्हा आमच्यात फक्त चहाचं बोलणं होतं. आकडा ती मला सांगत नाही. मी विचारत नाही.